तळटीप १२ : मंगेशी

१२. मंगेशी : गोव्यातील फोंडे तालुक्याच्या प्रियोळ गावचे श्रीमंगेशाचे, म्हणजे शिवाचे, देवस्थान, अनेक गौड सारस्वत (मूळ मजकुरात ‘शेणवी’) घराण्यांचे कुलदैवत. मूळ देऊळ झुआरी नदीकाठच्या कुशस्थळीस, आजच्या कुठ्ठाळीस, होते. साष्टी प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेल्यावर पुढे देवळे पाडण्याचा आणि धर्मांतराचा सपाटा सुरू झाला, तेव्हा १५६० मध्ये महाजनांनी, म्हणजे देवस्थानावर वंशपरंपरेने हक्क असणाऱ्या वत्स व कौंडिण्य गोत्री कुळांनी, लिंग नदीपार नेऊन पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, स्थापिले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली तीही अशीच. गाव सुटले, तरी महाजनकीचा हक्क कुळांनी देवासोबत नव्या जागी नेला, आणि परमुलखात वस्ती टिकण्यास त्याचाच आधार अधिक झाला असावा. देवस्थानास खरे स्थैर्य मराठी अमलात आले : राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखठणकर, ऊर्फ रामचंद्रबाबा शेणवी, हे मंगेशाचे निस्सीम भक्त असून त्यांच्या शब्दावरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवास इनाम दिला. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगाव येथे आर्थर वेलस्लीशी तह करणारे दौलतराव शिंदे हे राणोजींच्याच घराण्याचे वारस असल्याने शिंदेशाहीतील शेणवी कारभाऱ्यांच्या ओघात येथे या देवाचा उल्लेख आला आहे. फोंडे महाल १७६३ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, पण तोवर त्यांचे धोरण निवळले होते आणि देऊळ राहिले.