कुस्तीचे प्रकार व निर्णयपद्धती

दोन मल्लांमधील निःशस्त्र द्वंद्व या स्वरूपात कुस्ती जगाच्या बहुतेक भागांत आढळते. तिचे प्रकार मुख्यतः दोन गोष्टींवरून वेगळे ओळखले जातात : कोणती पकड ग्राह्य धरावयाची आणि पराभव केव्हा झाला असे मानावयाचे. डावपेचांत देशोदेशी पुष्कळ साम्य आहे. खरा मतभेद निर्णयाबाबत आहे.

भारतीय परंपरेत मल्लयुद्धाचे भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती व जरासंधी असे चार प्रकार मानले जातात. पहिल्यात बळाला, तर दुसऱ्यात चातुर्याला महत्त्व असते. जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्यास जखडून शरण आणावयाचे असते, तर जरासंधीत अवयव मोडण्यापर्यंत मजल जाते. मातीतील कुस्तीत पहिल्या दोहोंचाच अंश दिसतो. तीत पायाची पकड चालते. पट, ढाक, कलाजंग हे तिचे लोकप्रिय डाव होत. मल्लाची पाठ मातीला लागून तो चीत झाला, की कुस्ती निकाली ठरते. हिच्या पारंपरिक स्वरूपात वेळेचे बंधन नव्हते.

प्राचीन ग्रीसमध्ये इ. स. पू. ७०८ पासून ऑलिंपिक खेळांत कुस्तीचा समावेश होता. तेथे प्रतिस्पर्ध्यास तीनदा पाडणारा विजयी होई. जपानी सुमोत तळपायाव्यतिरिक्त शरीराचा कोणताही भाग भूमीला लागला किंवा मल्ल सु. ४·५५ मी. व्यासाच्या वर्तुळाबाहेर गेला, तरी पराभव होतो. त्यामुळे ही कुस्ती बहुधा काही क्षणांतच संपते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आकारास आलेल्या ग्रीको-रोमन पद्धतीत कमरेखालील पकड व पायांचा वापर निषिद्ध आहे. त्यामुळे तुल्यबळ मल्लांची कुस्ती अतोनात लांबे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रशियातर्फे उतरलेला एस्टोनियन मल्ल मार्टिन क्लाइन व फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन यांची झुंज ११ तास ४० मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण पुढील लढतीस उभे राहण्याचे त्राण त्याच्यात उरले नाही. त्याच स्पर्धेतील दुसऱ्या एका वजनगटात अंतिम कुस्ती नऊ तासांनंतर अनिर्णित सोडविण्यात आली व दोघांनाही रौप्यपदक देण्यात आले. सुवर्णपदक कोणासच मिळाले नाही.

मुक्त पकडीची कुस्तीही या दोषातून सुटली नव्हती. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा व पोलिश मल्ल झ्बिश्को यांची गाठ पडली. झ्बिश्को अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी पालथा पडून राहिला आणि गामास त्याला उलथविता आले नाही. पालथे पडणे हा पराभव नसल्याने नियमांचा त्यावर इलाज नव्हता. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला झ्बिश्को आलाच नाही व गामास विजयी घोषित करण्यात आले. १९२८ मध्ये पतियाळा येथे मातीवर मात्र गामाने त्यास मिनिटभरातच चीत केले.

अशा रेंगाळणाऱ्या कुस्त्यांना पुढे कालमर्यादा व गुणपद्धती यांनी आळा घातला. आज फ्रीस्टाइलमध्ये तीन मिनिटांचे दोन डाव असतात. चीतपट झाल्यास कुस्ती तत्काळ संपते. दहा गुणांची आघाडी (ग्रीको-रोमनमध्ये आठ) मिळाल्यासही ती थांबविली जाते. निष्क्रिय मल्लास तंबी मिळते आणि प्रसंगी त्याचा प्रतिस्पर्धी गुण मिळवितो. महिलांच्या फ्रीस्टाइल कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये २००४ साली समावेश झाला. निकाल आधीच ठरलेली व्यावसायिक प्रदर्शने कुस्ती या नावाने ओळखली जात असली, तरी त्यांची गणना क्रीडाप्रकारांत करता येत नाही.

महाराष्ट्रात माती व गादी यांतील अंतर विशेष जाणवते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची परंपरा मातीची आहे. खाशाबा जाधव मातीत तयार झाले. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. गुणांवर मिळालेल्या विजयाला जत्रेतील प्रेक्षक आजही चीतपटीची प्रतिष्ठा देत नाही. १९६१ पासून होत असलेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत यावर तोडगा म्हणून माती व गादी असे दोन विभाग करण्यात आले असून त्यांच्या विजेत्यांमध्ये किताबाची अंतिम कुस्ती होते.