करुणेचे वृत्त आणि वाचणारे मूल

चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाताना किनाऱ्यावर कोवलम हे मच्छीमारांचे जुने गाव लागते. गावाच्या पश्चिमेस, किनाऱ्याला समांतर असा बकिंगहॅम कालवा आहे. या कालव्याचा अड्यार व कूवम या नद्यांना जोडणारा, मद्रास शहरातील भाग १८७७-७८ मध्ये दुष्काळी काम म्हणून खोदण्यात आला आणि कालव्याला तत्कालीन गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव मिळाले. १८७६ ते १८७८ या काळातील त्या दुष्काळाची ही जमिनीवरची खूण होय. त्याची दुसरी खूण कागदावर उमटली, आणि वृत्तपत्रीय करुणेच्या इतिहासात तिला अधिक महत्त्व आहे.

मद्रास फौजेतील अधिकारी विलोबी वॉलेस हूपर याने दुष्काळग्रस्तांना गटागटाने बसवून त्यांची छायाचित्रे घेतली. बरगड्या मोजता येतील अशा देहांत लहान मुलांचे देहही होते. ‘मद्रास टाइम्स’चे संपादक विल्यम डिग्बी यांनी याच सुमारास मदतनिधीचे काम अंगावर घेतले आणि लंडनमध्ये उभारलेल्या मॅन्शन हाउस निधीतून मोठी रक्कम दक्षिणेत आली. दूरच्या वाचकाचे मन हेलावले की धान्य येते, हा अनुभव या काळाने पत्रकारितेला दिला. तो खोटा नव्हता. परंतु छायाचित्रातील मुलाचे नाव काय, पुढे त्याचे काय झाले, हे प्रश्न त्या व्यवहारात उपस्थितच झाले नाहीत.

त्याच वर्षांत महाराष्ट्रात वेगळी पद्धत आकार घेत होती. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची दुष्काळवृत्ते जमवून सरकारपुढे ठेवली. पीक किती बुडाले, मजुरी किती मिळते, धान्याचा भाव काय, अशा तपशिलांवर त्यांची भिस्त होती. ही वृत्ते शोक जागवत नाहीत, जाब विचारतात. मद्रासमधील आवाहन दात्याच्या अंतःकरणाकडे वळले होते. सभेचे लेखन राज्यकर्त्याच्या कर्तव्याकडे वळलेले होते.

या दोन प्रवाहांच्या मध्ये पंडिता रमाबाई उभ्या आहेत. दक्षिणेतील दुष्काळात १८७४ च्या सुमारास त्यांनी आईवडील व बहीण गमावली होती. १८९७ मध्ये मध्य प्रांतातील आणि १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळातून त्यांनी अनाथ मुलींना आणून आश्रय दिला. केडगावचे मुक्तिसदन याच काळात वाढले. निधीसाठी त्यांनीही आवाहने केली. मात्र उपासमारीचे त्यांचे वर्णन स्वतः भोगलेल्या माणसाचे आहे. त्यात दया करणारा वर आणि दया स्वीकारणारा खाली अशी उतरंड सहसा पडत नाही.

एका शतकानंतर हाच प्रश्न आजाराच्या रूपाने परत आला, आणि त्याची सुरुवातही मद्रासलाच झाली. १९८६ मध्ये डॉ. सुनीती सॉलोमन व सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद केली. सुनीतीबाई चेन्नईतील गायतोंडे या मराठी घराण्यातील. १९९३ मध्ये त्यांनी काढलेल्या वाय. आर. गायतोंडे केंद्राला वडिलांचे नाव आहे. पुढे बाधित अनाथ मुलांच्या संगोपनाचा प्रश्न उभा राहिला. चेन्नईत डॉ. पी. मनोरमा यांच्या संस्थेने त्यांना निवारा दिला. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी २००१ मध्ये ‘पालवी’ सुरू केली. टाकलेल्या अर्भकांसाठी प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये बालकाश्रम काढला होता, तोही याच पंढरपुरात.

या मुलांवरील वृत्तकथांचा एक साचा पडत गेला. ‘चिमुकले’, ‘कोवळे’, ‘निष्पाप’ ही विशेषणे. उरलेल्या दिवसांची मोजदाद. सांभाळणारी बाई म्हणजे देवदूत. मुलाच्या हसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र. आणि अखेरीस देणगीचा पत्ता. यांपैकी ‘निष्पाप’ हा शब्द सर्वांत निरुपद्रवी वाटतो. पण मुलाला निष्पाप ठरवताना तो न बोलता कोणाला तरी पापी ठरवतो, आणि ती बहुधा त्याची मेलेली आई असते. सांभाळणाऱ्या बाईला देवत्व दिले की तिच्या थकव्याला आणि औषधांच्या खर्चाला कथेत जागा उरत नाही.

संस्कृत काव्यशास्त्राने करुणाचा विचार करताना साधारणीकरणाची अट घातली. काव्यातील शोक कोणा एकाचा राहत नाही, म्हणूनच तो आस्वाद्य होतो. वृत्तकथेत ही अट पाळली जात नाही. शोक आस्वाद्य केला जातो आणि मूल मात्र नाव, गाव व चेहऱ्यासह विशिष्टच राहते. रस वाचकाच्या वाट्याला येतो, ओळख मुलाला चिकटते.

या लेखनामागे एक न उच्चारलेले गृहीत होते. मराठीतील ‘वाचणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत, आणि ते गृहीत दोन्ही अर्थांनी खरे धरले गेले: हे मूल वाचणार नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी औषधोपचार सुरू झाला. २००६ च्या अखेरीस बालकांसाठी स्वतंत्र योजना आली. मृत्यू निश्चित मानलेली अनेक मुले वाढली, शिकली, नोकरी शोधू लागली. त्यांच्या हाती पडलेल्या जुन्या कात्रणात त्यांचा आजार छापलेला होता, आईची बदनामी होती आणि त्यांच्या मरणाचे भाकीतही होते.

कायदा नंतर कडक झाला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख छापण्यास मनाई केली, आणि २०१७ च्या एचआयव्ही अधिनियमाने संमतीशिवाय बाधित व्यक्तीची स्थिती उघड करण्यास प्रतिबंध केला. नाव बदलून छापण्याची रीत रुळली, पण साचा टिकून राहिला. भावनेला हात घातल्याशिवाय अशा संस्थांची चूल पेटत नाही, हा पत्रकारांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तरीही अनिल अवचट यांच्या रिपोर्ताजांनी दाखवले आहे की कामाचे तास, मजुरी आणि माणसाचे स्वतःचे बोलणे नीट नोंदवले तर विशेषणांवाचूनही वाचक अस्वस्थ होतो.

महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेत नातेवाइकाच्या वा दुसऱ्या कुटुंबाच्या घरी वाढणाऱ्या मुलासाठी दरमहा अनुदान मिळते. गंभीर आजारी मुलाला घरात घेणाऱ्या कुटुंबाचे जगणे त्या रकमेवर, तिच्या विलंबावर, रुग्णालयाच्या फेऱ्यांवर आणि शाळेच्या दारात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर अवलंबून असते. सार्वजनिक सभेच्या वृत्तलेखकांना हा तपशील टिपण्याजोगा वाटला असता. तो टिपणाऱ्या लेखनाला करुणा वर्ज्य नाही. त्याने एवढेच गृहीत धरायचे असते, की ज्याच्याविषयी लिहिले ते मूल विसाव्या वर्षी हा मजकूर वाचणार आहे.