नरसीची वाघोली

आमच्या नरसीतून माणूस बाहेर जाणं काही नवं नाही. परंपरा सांगते की नामदेव महाराजांचा जन्म इथला, 1270 सालचा. पुढं पंढरपूर, आणि तिथून पार पंजाबात घुमान. 2015 साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आमच्या पारावर साहित्याची चर्चा कमी आणि 'आपला माणूस केवढ्या लांब गेला होता' याचीच जास्त. पण महाराज गेले ते नामासाठी. आमच्या पिढीतली माणसं गेली पोटामागं, आणि त्यातली बरीच एकाच ठिकाणी जाऊन थांबली. पुण्याच्या अलीकडची वाघोली.

आमच्या आजोबांच्या वेळी पुणं हे नाव घरात फारसं निघत नसे. मुलूख निजामाचा, कोर्टकचेरीचं शेवटचं टोक हैदराबाद. 1948 ला निजामाचं राज्य गेलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 ला महाराष्ट्रात. कागदावर मुलखाचं तोंड फिरलं, पण माणसांची पावलं फिरवली ती 1972 च्या दुष्काळानं. तेव्हा जे खडी फोडायला, नाल्याचे बांध घालायला घराबाहेर पडले, त्यांच्यातल्या काहींना 'गावाबाहेरही पोट भरतं' हे कळलं. कयाधूला पाणी आलं, पण ती माणसं सगळी परतली नाहीत.

मग वाघोलीच का? त्याचं उत्तर रस्त्यात आहे. आमच्याकडची पुण्याची गाडी औंढा, जिंतूर, जालना करत संभाजीनगरला जाते, तिथून नगरमार्गे पुण्याला. पहाटे डोळे उघडतात तेव्हा रांजणगाव, शिक्रापूर, लोणीकंद मागं पडत असतात आणि शहराच्या तोंडाशी पहिलं मोठं गाव येतं ते वाघोली. पुढं शहरात खोलीचं भाडं परवडत नाही. मागं रांजणगाव-सणसवाडीचे कारखाने, पुढं खराडीची आयटीवाल्यांची ऑफिसं, आणि मधे स्वस्तातली खोली. पहिला उतरला तो तिथं राहिला. दुसऱ्याला पत्ता त्याचाच. आमच्या भावकीतल्या चौघा चुलतभावांनी एकच खोली अशी तीन वर्षं चालवली. दोघं रात्रपाळीला, दोघं दिवसपाळीला, गाद्या मात्र दोनच.

वाघोली हे मूळचं रिकामं माळरान नव्हे. पिलाजीराव जाधवरावांचं हे गाव, वाघेश्वराचं देऊळ जुनं. त्या जुन्या गावकऱ्यांवर एकेक थर चढत गेला. दगडाच्या खाणी निघाल्या तशी खाणमजुरांची पालं पडली. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं लातूर-धाराशिवकडची शेकडो लेकरं शिकायला पुण्याकडं आणली. त्यांचंही ठिकाण पुढं वाघोलीच झालं. मग कॉलेजं आली, त्यांच्यासोबत वसतिगृहं आणि मेस. मग खराडीचे संगणकवाले आले, त्यांच्यासाठी टॉवर उठले, आणि त्या टॉवरच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा राहिला तो आमच्याकडचा सोयाबीनवाला. 30 जून 2021 ला ही ग्रामपंचायत पुणे महापालिकेत गेली.

आकडे बघा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत पुणे जिल्हा 72 लाखांवरून 94 लाखांवर गेला. आमचा हिंगोली जिल्हा पावणेदहा लाखांच्या पुढं होता तो पावणेबारा लाखांवर आला. तिकडं हजार पुरुषांमागं 915 बाया, आमच्याकडं 942. आकड्याला तोंड नसतं, पण वाघोलीच्या गल्लीत सकाळी सात वाजता उभं राहिलं की तोच आकडा चालताना दिसतो: डबा हातात घेतलेले विशी-तिशीचे पोरं, पोरं आणि पोरं. नरसीत त्याच वेळी ओट्यावर बसलेले असतात ते साठीच्या पुढचे. एका गावाचं वय दुसऱ्या गावात जाऊन राहिलंय. आषाढी झाल्यावर परतवारीच्या एकादशीला नरसीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ते एक दिवस मिळून येतं. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून जातात.

आता खरी मेख सांगतो. 2021 ची शिरगणती कोरोनानं हुकली. त्यामुळं सरकारदरबारी माणसं अजून 2011 ला जिथं होती तिथंच आहेत. पुणे महापालिकेचे 2025 ला प्रभाग पाडले, तेही 2011 चीच लोकसंख्या धरून. म्हणजे आमचा चुलतभाऊ दहा वर्षं वाघोलीत टँकरचं पाणी विकत घेतोय, पण हिशेबात तो नरसीचा. तिथं त्याच्या वाटचा नगरसेवक नाही, आणि इथं त्याच्या नावचा निधी ग्रामपंचायतीला येतोय. नवी गणना 1 मार्च 2027 हा दिवस धरून होणार आहे. त्या दिवशी हे उलटं होईल. वाघोली फुगलेली दिसेल आणि आमच्यासारख्या गावांचे आकडे अंग चोरतील. निधी माणशी, दवाखाना माणशी. शाळा तर पटावर. पारावरचे म्हातारे आत्तापासून म्हणतात, "पोट्ट्यांची नावं इथंच लिहा बाप्पा, नाहीतं गाव कागदावरून बी जाईल."

त्यांची भीती खोटी नाही. पण मला ते पटत नाही. जो माणूस जिथं राहतो, पाणी पितो, कचरा टाकतो, तिथंच त्याचा आकडा पडला पाहिजे. नाहीतर त्याला नळ कोण देणार? मात्र शिरगणतीच्या कागदात आणखी रकाने असतात: जन्म कुठला, याआधी कुठं राहत होता, कशासाठी आला. ते रकाने आपली माणसं घाईत उडवून लावतात. 'पुणेच लिहा साहेब' म्हणतात. बायांचं तर ठरलेलंच: कारण, लग्न. नवऱ्यामागं आली हे खरं. पण आल्यापासून ती चार घरची धुणीभांडी करते, संसाराचं निम्मं भाडं तीच भरते. कामाच्या रकान्यात मात्र 'घरकाम', आणि तेही स्वतःच्या घरचं.

म्हणून पोरं परतवारीला आली की मी प्रत्येकाला सांगतो: राहणं वाघोलीचं लिही, बाबा, लाजू नकोस. पण जन्म नरसीचा लिही, जिल्हा हिंगोली लिही, आणि बायकोचं काम तिलाच सांगू दे. एवढ्या तीन ओळी नीट पडल्या तर शंभर वर्षांनी कुणालाही कळेल की पुण्याच्या त्या टोकाला टॉवर उठले तेव्हा इकडं कयाधूकाठी कोणती घरं कुलूपबंद झाली. आमच्या गल्लीत आज तशी सात आहेत. किल्ल्या शेजाऱ्यांकडं असतात. पावसाळ्याआधी पत्रे बघून घ्यायला तेच चढतात.