स्थितिध्वज : ६५०२ च्या एम्युलेटरमधील

मॉस टेक्नॉलॉजी कंपनीने १९७५ साली बाजारात आणलेल्या ६५०२ या आठ बिटांच्या प्रोसेसरमध्ये गणिताच्या फलिताची लक्षणे ज्या एका बाइटात नोंदली जातात, त्यातील एकेका खुणेस स्थितिध्वज म्हणतात. आणि मूळ यंत्राचे तंतोतंत अनुकरण करू पाहणाऱ्या एम्युलेटरची खरी कसोटी येथेच लागते. हातचा आणि अतिप्रवाह हे दोन ध्वज एकच मानणे, ही नेहमीची चूक होय. ८० आणि ८० यांची बेरीज १६० बाइटात मावते, म्हणून हातचा शून्यच राहतो. परंतु सचिन्ह अर्थाने तोच बाइट −९६ असा वाचला जात असल्यामुळे अतिप्रवाहध्वज उभारणे भाग पडते. बेरजेत दोन्ही पदांचे चिन्ह समान आणि उत्तराचे भिन्न, एवढाच त्याचा निकष. वजाबाकीत उसना घ्यावा लागला नाही, तरच हातचा १ राहतो. तुलनेच्या आज्ञा अतिप्रवाहध्वजाला स्पर्शही करीत नाहीत.

सर्वांत फसवा तो ब्रेकध्वज. प्रोसेसरात त्याला स्वतंत्र जागाच नसून, स्टॅकवर ठेवलेल्या प्रतीतच तो दिसतो : बीआरके व पीएचपी या आज्ञांनी ठेवलेल्या प्रतीत १, बाह्य व्यत्ययाने ठेवलेल्या प्रतीत ०, म्हणून ती प्रत परत घेताना, शून्यापासून मोजता, ४ व ५ क्रमांकांचे बिट वगळावेत.