भूगोल गाणारी कुरवंजी : तंजावरच्या मराठी परंपरेतील एक बहुमाध्यम पाठ

शब्द, चित्र आणि ध्वनी यांची एकत्र योजना करून अध्यापनसाहित्य कसे सिद्ध करावे, हा प्रश्न आज प्रामुख्याने संगणकाच्या संदर्भात विचारला जातो. रिचर्ड मेयर यांच्या 2001 मधील ग्रंथाने या चर्चेला मानसशास्त्रीय अधिष्ठान दिले. केवळ शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र यांच्या मेळातून आकलन अधिक चांगले होते. मात्र विषयाला अनावश्यक असलेली सजावट आकलनात अडथळा आणते, अशी त्यांची मांडणी आहे. प्रश्न मात्र संगणकाहून फार जुना आहे. कोमेनियस याने 1658 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस’ हे सचित्र पाठ्यपुस्तक त्याचे परिचित उदाहरण होय. मराठीत त्याचे एक लक्षणीय उत्तर महाराष्ट्राबाहेर, कावेरीच्या खोऱ्यात दिले गेले. मराठी वाङ्मयेतिहासाने त्याची दखल बहुधा नाटकाच्या प्रकरणात घेतली. शिक्षणाच्या प्रकरणात ते क्वचितच आले.

या उत्तराची पार्श्वभूमी समजण्यासाठी कुंभकोणमजवळील तिरुवलंचुळी हे क्षेत्र उपयोगी ठरते. ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळि’ म्हणजे वळण किंवा भोवरा. कावेरी येथे विवरात लुप्त झाली, हेरंड मुनींनी त्या विवरात आत्मसमर्पण केले, तेव्हा ती पुन्हा प्रकट झाली आणि शिवाला उजवी घालून पुढे गेली, अशी स्थलकथा आहे. नदीच्या प्रवाहाचे ज्ञान येथे गावाच्या नावात साठवलेले आहे, कथेत सांगितलेले आहे आणि संबंदर व अप्पर यांच्या तेवारम् पदांमुळे ते क्षेत्र गानपरंपरेतही स्थिरावले आहे. समुद्रफेनाचा मानला जाणारा श्वेत विनायक आणि त्याच्या मंडपातील दगडी जाळीची खिडकी डोळ्यांसमोर आहेत. प्रदक्षिणा करणाऱ्या यात्रेकरूचे पाऊलही कथेतील नदीप्रमाणेच उजवीकडे वळते. भूगोल ऐकणे, पाहणे आणि चालणे या तीन क्रिया येथे एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. कावेरीकाठच्या श्रोत्याला स्थळाचे ज्ञान अशा संयुक्त रूपातच मिळण्याची सवय होती.

याच प्रदेशावर 1798 ते 1832 या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी नव्या ज्ञानाचा प्रयोग केला. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाच्या हाती मुख्यतः विद्या, कला व दानधर्म यांचे क्षेत्र उरले. सरफोजींचे पालक व शिक्षक ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हे हाल्ले येथे शिकलेले होते. प्रत्यक्ष वस्तू, नमुने आणि उपकरणे यांच्या साहाय्याने शिकवण्याची पद्धत हाल्लेच्या शाळांत रुजलेली होती. सरफोजींच्या सरस्वती महालातील यूरोपीय ग्रंथ आणि त्यांनी करवून घेतलेली निसर्गविषयक चित्रे यांत तिचा प्रभाव जाणवतो. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवणारा राजाही तोच, ही गोष्ट येथे दृष्टीआड करता येत नाही. ज्ञान कोणत्या माध्यमात ठेवले असता लोकांसमोर राहील, याचा विचार या सर्व उपक्रमांमागे दिसतो.

या विचाराचे सर्वांत धाडसी रूप म्हणजे सरफोजींच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी गेय नाटक. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. नायकाच्या दर्शनाने विरहाकुल झालेली नायिका, तिची सखी, आणि भविष्य सांगणारी डोंगरची कुरत्ती, ही त्याची ठरलेली रचना. हात पाहण्यापूर्वी कुरत्ती आपल्या डोंगराचे, देशाचे आणि आपण हिंडलेल्या स्थळांचे वर्णन गाते. श्रोत्याला या वर्णनाची अपेक्षा असते. सरफोजींच्या नाटकात नायिका इंद्राणी आहे आणि कुरवंजी तिला गाते ते वर्णन जगाच्या भूगोलाचे आहे. यूरोपीय ग्रंथांतून आलेला नवा भूगोल अशा रीतीने पदांत बांधला गेला.

या योजनेचे मर्म तिच्या सजावटीत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. शृंगाराचे कथानक आणि भूगोलाचा पाठ यांची ही बाहेरून जोडलेली सांगड असती, तर मेयर यांचा आक्षेप तिला तंतोतंत लागू पडला असता. परंतु कुरत्तीचे स्थलवर्णन हा या प्रकाराचा मुळातलाच घटक आहे. नव्या आशयासाठी जागा आधीच रिकामी होती. सरफोजींनी ती हेरली. हिंडणाऱ्या स्त्रीला जग ठाऊक असणे हे त्या पात्राला साजेसे आहे. ताल आणि पुनरावृत्ती यांनी नावे स्मरणात राहतात. अभिनयाने दिशा आणि अंतर यांना शरीराचा आधार मिळू शकतो. एकनाथांनी भारुडात जोशाच्या तोंडी परमार्थ घातला तेव्हा हीच युक्ती वापरली होती. फरक इतकाच की तेथे भविष्यकथन हे रूपक आहे, तर येथे स्थलवर्णन शब्दशः घ्यावयाचे आहे.

याच्या शेजारी मुद्रित पाठ्यपुस्तक ठेवून पाहावे. तंजावरच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या कथांचे मराठी रूप बाहेर पडले. मुंबईत शालेय पुस्तकांसाठी संस्था उभी राहिली ती 1822 मध्ये, आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ आली 1828 मध्ये. म्हणजे मुद्रित बालबोध गद्यातही तंजावर आधी आहे. तरीही दोन्हीकडच्या वाटा भिन्न होत्या. मुंबईची वाट परीक्षा, वर्ग आणि गद्य यांच्याकडे गेली. वाचणारा विद्यार्थी एकटा होता. तंजावरने छापील गद्य आणि प्रयोग दोन्ही हाती ठेवले. सरफोजींच्या काशीयात्रेशी निगडित ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ पाहिल्या, तर प्रवासाचे ज्ञान गाण्यात ठेवण्याची ही ओढ एका नाटकापुरती मर्यादित नव्हती, असे दिसते.

या प्रयोगाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. भोवतालची लोकभाषा तमिळ असताना पाठ मराठीत होता; त्याचा श्रोता दरबार आणि त्याच्याशी संलग्न समाज एवढाच राहिला. अशा साहित्याला गायक, नर्तकी आणि आश्रय यांची सतत गरज असते. 1855 मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले आणि गादी संपली, आश्रय तुटला. पुढे सरस्वती महालाच्या प्रकाशनातून ‘देवेंद्र कुरवंजी’ वाचकांपुढे आली ती संहिता म्हणून. प्रयोगाचे इतर घटक गळून गेलेल्या अशा संहितेवरून मूळ पाठाच्या परिणामकारकतेचा निर्णय देणे धाडसाचे ठरेल.

आशय मागे पडला, तरी माध्यम मात्र टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी घडवलेल्या तमिळ हरिकथेत मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी आणि अभंग सामावले गेले. कथन, गायन आणि निरूपण यांचा तो मेळ मराठी न जाणणाऱ्या श्रोत्यांपर्यंत पोचला. सरफोजींच्या नाटकाला जे साधले नाही ते या छंदांनी साधले, कारण त्यांनी श्रोत्याची भाषा स्वीकारली. तौलनिक अभ्यासाला यातून मिळणारा निष्कर्ष असा : माध्यमांची संख्या वाढवल्याने पाठ परिणामकारक होत नाही. श्रोत्याच्या परिचयाच्या रचनेत नव्या ज्ञानासाठी नेमकी जागा शोधावी लागते आणि ते ज्ञान त्याच्या भाषेत बोलावे लागते. ‘देवेंद्र कुरवंजी’ने पहिली अट पूर्ण केली, दुसरी केली नाही. मराठी शैक्षणिक साहित्याचा इतिहास मुंबईच्या गद्यापासून सुरू केला, तर या यशाचा आणि या अपयशाचा, दोहोंचाही धडा हातचा जातो.