भंगारातून उठलेली लिबरेटर विमाने

१/ दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कानपूरच्या चकेरी तळावर अमेरिकी बनावटीची चार इंजिनांची बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमाने येऊन थांबू लागली. ब्रिटिश हवाई दलाने ती तेथे आणली, ती पुन्हा कधी उडू नयेत म्हणून.

२/ कारण करारात होते. ‘लेंड-लीज’ व्यवस्थेनुसार अमेरिकेने ही विमाने ब्रिटनला युद्धापुरती दिली होती. युद्ध संपताच ती परत करावीत, विकत घ्यावीत किंवा निकामी करावीत, एवढेच मार्ग उरले. त्यातला शेवटचा सर्वांत स्वस्त होता.

३/ त्यानुसार कुदळींनी पत्रे फोडण्यात आले, उपकरणांचा चुरा करण्यात आला, इंजिनांत वाळू ओतण्यात आली. पुढे ऊनपाऊस आणि गवत यांनी उरलेले काम केले.

४/ स्वतंत्र भारताला मात्र जड बॉम्बफेकी विमानांची तातडीची गरज होती. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात डाकोटा या मालवाहू विमानांच्या दारातून बॉम्ब ढकलण्याची वेळ आली होती. नवी विमाने घेण्यास पैसा नव्हता. दृष्टी कानपूरच्या भंगाराकडे वळली.

५/ ही कामगिरी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे आली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभारलेला हा कारखाना. युद्धकाळात तेथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत असे. त्यामुळे कारागिरांचा हात या कामात बसलेला होता.

६/ पद्धत सरळ, पण जोखमीची होती. एका सांगाड्याचे सुटे भाग काढून दुसऱ्याला जोडायचे, कानपुरातच एका उड्डाणापुरती डागडुजी करायची आणि सुमारे दीड हजार किलोमीटर अंतरावरील बंगळूरला विमान न्यायचे. संपूर्ण पुनर्बांधणी तेथे होई. या उड्डाणांचा भार कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी उचलला. वाटेत इंजिन बंद पडले असते, तर विमानाबरोबर माणसेही गेली असती.

७/ नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांवर भारतीय हवाई दलाचे ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. पुढे १९५१ मध्ये पुण्यात ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पुनर्स्थापना झाली आणि लांब पल्ल्याची ही विमाने सागरी टेहळणी करू लागली. निकामी ठरवलेली विमाने १९६८ पर्यंत सेवेत राहिली.

८/ जगभरात अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बनली. बहुतेक युद्धानंतर वितळवली गेली. आज शिल्लक असलेल्या मोजक्या विमानांपैकी कित्येक भारतातून गेलेली आहेत. कॅनडा व अमेरिकेतील संग्रहालयांत ती आहेत. एक दिल्लीच्या पालम येथे आहे.

९/ १९७४ मध्ये भारताने एक लिबरेटर ब्रिटनच्या शाही हवाई दलाच्या संग्रहालयाला भेट दिले. ते मुळात त्याच दलाचे होते. ज्यांनी ते मोडून टाकले, त्यांना ते उडण्याजोग्या अवस्थेत परत मिळाले.