समुद्री शेवाळावर कोणते जीवाणू राहतात आणि ते कोण ठरवतं?

वर्धा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही कृषी सेवा केंद्रात 'समुद्री शेवाळ अर्क' मिळतो आणि कपाशी, सोयाबीन, तुरीवर तो फवारलाही जातो. भारतात असा अर्क प्रामुख्यानं कप्पाफायकस या शेवाळापासून काढतात. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात मच्छीमार कुटुंबं बांबूच्या तराफ्यांना बांधून ते वाढवतात. अर्काचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं विकसित केलं.

हे शेवाळ समुद्रात एकटं नसतं. त्याच्या अंगावर जीवाणूंची दाट वस्ती असते.

वस्ती किती मोठी?

शेवाळाच्या एका चौरस सेंटीमीटरवर काही शेकड्यांपासून एक कोटीपर्यंत जीवाणू आढळतात. शेवाळ साखरेसारखे पदार्थ आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं, त्यावर ते जगतात. बदल्यात काही जीवाणू शेवाळाला जीवनसत्त्व बी-12 आणि वाढीचे संकेत देतात. कोकणच्या खडकांवर दिसणारं हिरवं, पातळ पानांचं उल्वा घ्या. उल्वा प्रयोगशाळेत जीवाणूंशिवाय वाढवलं, तर त्याला पानाचा आकारच येत नाही, नुसता पेशींचा गोळा तयार होतो.

कोण राहणार, हे कशावर ठरतं?

- शेवाळाची जात: प्रत्येक जातीचा चिकट थर आणि रसायनं वेगळी. डेलिसिया हे ऑस्ट्रेलियातलं लाल शेवाळ तर जीवाणूंचं आपसातलं 'बोलणं' बंद पाडणारी रसायनं सोडतं.
- भाग आणि वय: कोवळ्या टोकावर आणि जुन्या बुंध्यावर वस्ती सारखी नसते.
- पाणी: तापमान, खारटपणा आणि ऋतू बदलले की वस्तीही बदलते. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी खाडीत शिरतं, तेव्हा खारटपणा एकदम उतरतो.

एकाच जातीच्या दोन शेवाळांवर तरी तेच जीवाणू असतात का? नेहमीच नाही. 2011 मध्ये सिडनीजवळच्या उल्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या नमुन्यांवरच्या जीवाणूंच्या जातींमध्ये साम्य कमी होतं, पण त्यांच्या जनुकांच्या कामांमध्ये साम्य बरंच जास्त होतं. आठवडी बाजारासारखंच हे. दुकानदार बदलतात, पण भाजी, मसाले आणि भांड्यांची दुकानं लागतातच.

समतोल बिघडला तर?

पाणी फार तापलं किंवा खारटपणा घटला की कप्पाफायकस अशक्त होतं. मग एरवी निरुपद्रवी असलेले काही जीवाणू त्यावर हल्ला करतात. फांद्या बर्फासारख्या पांढऱ्या पडून तुटतात, म्हणून या रोगाला 'आइस-आइस' म्हणतात. तमिळनाडूत 2013 नंतर तापलेल्या पाण्यामुळे हे शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेलं आणि तिथल्या कुटुंबांचं उत्पन्न घटलं. दोष एकट्या जीवाणूचा नसतो, आधी परिस्थिती बिघडलेली असते.

मग बाटलीत हे जीवाणू असतात का?

अनेकांचा गोंधळ इथे होतो. शेवाळ अर्क हे जिवाणू खत नाही. त्याचा परिणाम शेवाळातल्या वाढ-संप्रेरकांमुळे आणि इतर घटकांमुळे होतो. 2021 पासून खत नियंत्रण आदेशात त्याला 'जैव-उत्तेजक' या गटात जागा आहे. रायझोबियमच्या पाकिटात मात्र जिवंत जीवाणू असतात. ते पाकीट उन्हात ठेवू नका. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावा आणि रायझोबियम सर्वांत शेवटी.

तुरीचं किंवा सोयाबीनचं रोप फुलोऱ्याच्या सुमारास हलक्या हातानं उपटून पाहा. मुळांवरच्या गाठी कापल्यावर आतून गुलाबी दिसल्या, तर आतले जीवाणू हवेतलं नत्र पिकाला देत आहेत. समुद्रातल्या शेवाळासारखंच तुरीचं मूळही आपले सोबती रसायनं सोडून निवडतं. ते टिकतील की नाही, हे मात्र ओल, उष्णता आणि आपण जमिनीत काय टाकतो यावर ठरतं.